फेब्रुवारीतल्या माश्या

स्केलथॉर्प, यॉर्कशर
२४ फेब्रुवारी १९०३

चि. ॲम्ब्रोज यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हॅरोगेटचं गंधकाचं पाणी पिऊन एक कर्नल, दोन सरदार आणि तीन श्रीमंत विधवा बऱ्या होत आहेत, हे वाचून समाधान वाटलं. सडक्या अंड्यांचा वास येणारं पाणी लोक गाडी करून येऊन, रांगा लावून पितात आणि वर डॉक्टरचे आभार मानतात. इथे खेड्यात खोकले ऐकण्यात तू वीस वर्षं उगीच घालवलीस. लुइझाच्या नव्या पडद्यांचं वर्णन पहिल्या पानावर वाचलं, तिसऱ्या पानावर पुन्हा वाचलं. पडदे चांगले असणार.

आता इथली बातमी. आपल्या हेडमास्तर टॉरडॉफांची मेव्हणी, सेलिना हार्टली, गेल्या मंगळवारी वारली. वर्षापूर्वी तिची बहीण ॲनिस, टॉरडॉफांची बायको, वारली तशीच: ओकाऱ्या, पोटात आग, न भागणारी तहान. तुझ्या जागी आलेला तो तरुण डॉक्टर लम अजून बुद्धिबळ शिकलेला नाही, त्यामुळे मेलेल्या माणसाकडे बघायला त्याला वेळ मिळतो. त्यानं सर्टिफिकेट द्यायला नकार दिला. शवचिकित्सा झाली. पोटात सोमलाचं विष निघालं.

सार्जंट बिन्सनं जेवणाच्या सुट्टीआधीच गुन्हेगार शोधला. टॉरडॉफांची स्वयंपाकीण मर्सी सग्डेन. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं औषधवाल्याकडून माश्या मारायचे कागद दोनदा नेले होते, आणि त्या कागदांत सोमल असतो. झालं. मर्सी म्हणते, मालकांनी आणायला सांगितले, आणून मालकांच्या हातात दिले. मालक म्हणतात, मी असं काही सांगितलं नाही. हेडमास्तरचा शब्द आणि स्वयंपाकिणीचा शब्द, यांतला एक निवडायला बिन्सला डोकं खाजवावं लागलं नाही.

मर्सी माझ्याकडे तीन वर्षं होती. मला मारायची कारणं तिला रोज मिळत होती, आणि मी धडधाकट आहे. शिवाय फेब्रुवारीत यॉर्कशरमध्ये एक जिवंत माशी दाखवणाऱ्याला मी माझं घर लिहून देईन.

तुझ्या जुन्या वहीत ॲनिसच्या आजाराची नोंद असेल, ती उतरवून पाठव. लुइझाला आणि तिच्या पडद्यांना आशीर्वाद. माया आहेच, ती उत्तर येईपर्यंत टिकवून धरते.

तुझी ताई,
थर्झा

*

हॅरोगेट
२७ फेब्रुवारी १९०३

ती. थर्झाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कर्नलसाहेबांचं यकृत तपासत होतो. ते म्हणाले, डॉक्टर, चेहरा का उतरला. मी म्हणालो, माझ्या बहिणीला पुन्हा एक खून सापडला.

ताई, सहा वर्षांपूर्वी कालव्यात सापडलेला शिकारराखा बुडून मेला नव्हता, त्याला कुणी बुडवला होता, हे तू शोधलंस. मान्य. सगळ्या परगण्यात तुझं नाव झालं. पण तेव्हापासून स्केलथॉर्पमध्ये कुणाला सुखानं मरायची सोय राहिलेली नाही. पाद्रीबुवांच्या आत्या एक्याण्णवाव्या वर्षी गेल्या, तर तू त्यांच्या उशीचा अभ्रा तपासलास. पाद्रीबाई लुइझाला रडत रडत सांगत होत्या.

सिल्व्हेस्टर टॉरडॉफला मी बारा वर्षं ओळखतो. दर गुरुवारी त्याच्याशी पट मांडला आहे. ॲनिस गेली तेव्हा तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, माझा कोट भिजला. आतड्यांना सूज होती, मी तसं लिहून दिलं, आणि माझी सही अजूनही खरी आहे. स्वयंपाकिणी सोमल घालतात, हे दुःखद आहे पण नवीन नाही. बिन्स हुशार नसेल, पण पगार त्याला मिळतो, तुला नाही.

पेशंटांच्या नोंदी मी पोस्टानं वाटत नाही. तू बागेकडे लक्ष दे. गुलाबांची छाटणी झाली का ते कळव.

लुइझाचा नमस्कार. पडदे खरोखरच चांगले आहेत. राग नसावा, असलाच तर बिन्सवर काढावा.

तुझा,
ॲम्ब्रोज

*

स्केलथॉर्प
३ मार्च १९०३

चि. ॲम्ब्रोज यास,
अ. उ. आ.

गुलाब छाटले. छाटताना तुझी आठवण येत होती.

काल चौकीच्या कोठडीत मर्सीला भेटून आले. बिन्स म्हणाला, बाईसाहेब, कैद्याला पाच मिनिटंच भेटता येतं. मी त्याला विचारलं, तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत. ते सांगायला त्याला अर्धा तास लागला, तेवढ्या वेळात मी मर्सीशी बोलले.

मर्सी रडत नव्हती. तिला काळजी तिच्या आईची, कारण बातमी कळल्यापासून शेजारणींनी म्हातारीकडे जाणं बंद केलंय. मग तिनं जे सांगितलं, ते आधी बिन्सलाही सांगितलं होतं. त्यानं लिहून घेतलं नाही, कारण मोठ्या माणसांची बदनामी लिहून घेत नाहीत म्हणे. जानेवारीत सेलिना आणि टॉरडॉफ यांचं भांडण झालं. मर्सी बशा पुसत होती. सेलिना म्हणाली, तुम्ही गिरणीवाल्याच्या मुलीशी खुशाल लग्न ठरवा, पण त्याआधी मी त्या मुलीला भेटणार आहे, आणि ॲनिसचे शेवटचे दिवस मी कसे पाहिले ते तिला सांगणार आहे.

सेलिना का चिडली ते तुला ठाऊक नसेल, तू पटावरच्या राणीपलीकडे बायकांकडे कधी पाहिलं नाहीस. टॉरडॉफांनी तिला शब्द दिला होता. मेव्हणीशी लग्न करायला कायद्याची मनाई आहे. दरवर्षी पार्लमेंटात ते बिल मांडतात आणि दरवर्षी वरच्या सभागृहातली बिशप मंडळी ते पाडतात. गावात सगळ्यांना माहीत होतं की सेलिना पेपरात आधी पार्लमेंटची बातमी वाचते. अशा बाईला शब्द देणं किती सोपं बघ. पाळायची वेळ आलीच, तर बिशप आहेतच.

उद्या मी टॉरडॉफांकडे जाते आहे. सेलिनाचे कपडे गरिबांसाठी बांधून द्यायला कुणीतरी हवं, आणि माझ्यासारखी चोपन्न वर्षांची अविवाहित बाई असल्या कामाला गेली की तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. देवानं मला दिलेली ही एकच देणगी, ती वापरायची.

वही पाठवू नकोस. एका प्रश्नाचं उत्तर दे. मागच्या वर्षी जानेवारीत टॉरडॉफ शिक्षकांच्या सभेला आठवडाभर यॉर्कला गेले होते. त्या आठवड्यात ॲनिसची तब्येत कशी होती?

हो किंवा नाही लिहिलंस तरी पुरे. आशीर्वाद नेहमीचेच, यावेळी थोडे हात राखून.

तुझी ताई,
थर्झा

*

हॅरोगेट
६ मार्च १९०३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही घर बदलताना कुठल्यातरी पेटीत गेली आहे. सापडत नाही. सापडली तरी पेशंटची गोष्ट ती पेशंटची.

इथे कामाची गर्दी आहे. जास्त लिहीत नाही.

ॲम्ब्रोज

*

स्केलथॉर्प
९ मार्च १९०३

चि. ॲम्ब्रोज यास,
अ. उ. आ.

तुझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान पत्र मिळालं. त्यात पडदे नव्हते, कर्नल नव्हता. वही पेटीत आहे असं तू लिहितोस. मी तुझी पुस्तकं बांधली होती, ती वही तुझ्या हातातल्या पिशवीत होती. असो.

टॉरडॉफांनी माझं फार चांगलं स्वागत केलं. डोळे पुसले, चहा दिला. मी चहाची तारीफ केली आणि तो कुंडीतल्या नेच्याला पाजला. मग ते शाळेत गेले आणि मी वर सेलिनाच्या खोलीत.

पलंगाखाली प्रवासाची पिशवी होती, गच्च भरलेली. दोन झगे, केसांचे ब्रश, स्कारबरोच्या मावशीचा पत्ता. बाई निघून जायच्या तयारीत होती. पिशवीत मोज्यात गुंडाळलेली औषधाची बाटली होती. तुझं लोहाचं टॉनिक, काळंकुट्ट आणि कडू. बाटली पाऊण भरलेली. चिठ्ठीवर तुझं अक्षर: सौ. टॉरडॉफ, जेवणानंतर एक चमचा, जानेवारी १९०२, ए. गारसाइड.

मर्सीला विचारलं. ती म्हणाली, मालक रोज स्वतःच्या हातानं सेलिनाबाईंना ते पाजायचे, म्हणायचे, हे ॲनिसला लागू पडलं होतं, नव्या डॉक्टरला सांगू नका, त्याला वाईट वाटेल. वर्षभरापूर्वी मेलेल्या बाईचं औषध पाऊण बाटली कसं उरलं, हा प्रश्न मला पडला. माश्यांचे कागद भिजवले की पाणी चहासारखं तपकिरी होतं. काळ्या टॉनिकमध्ये ते कुणाला दिसणार.

बाटली मी डॉक्टर लमकडे तपासायला देणार आहे. पण ऐक. चिठ्ठीवर तुझं नाव आहे. आत सोमल निघाला, तर टॉरडॉफांचा वकील म्हणेल, हे जुनं औषध, गारसाइड डॉक्टरनीच चुकीचं बनवलं असेल. मूळ बाटली केव्हा संपायला हवी होती, हे सांगू शकणारा माणूस या जगात एकच आहे, आणि त्याची वही सापडत नाही.

आज सोमवार. बाटली माझ्या कपाटात आहे. गुरुवारी सकाळी मी ती देईन, तुझं उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी. मर्सीला पुढच्या मंगळवारी यॉर्कच्या तुरुंगात हलवणार आहेत. तिथे तिला फाशी होईल, ॲम्ब्रोज. आणि तू तुझ्या कर्नलला पाणी पाजत राहशील. तुला माझ्यावर रागवायला तीन दिवस आहेत, ते नीट वापर.

तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. ती माया कुठे जात नाही, हाच तर त्रास आहे.

तुझी ताई,
थर्झा

*

हॅरोगेट
११ मार्च १९०३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती काढून वाचली होती. मग पुन्हा खणात ठेवली आणि तुला गुलाबांबद्दल विचारलं.

टॉनिकच्या दोन बाटल्या मी दिल्या होत्या, आठ आणि बावीस जानेवारीला. रोज एक चमचा घेतला तर दुसरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. तशी ती संपली होती. मी रिकामी पाहिली आणि नवीन दिली नाही, कारण ॲनिसला गिळवत नव्हतं. माझ्याच अक्षरात लिहिलंय. ती बाटली आज पाऊण भरलेली असेल तर नंतर कुणीतरी भरली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो. टॉरडॉफ यॉर्कला होता त्या आठवड्यात ती उठून बसली. सूप प्यायली. पाचव्या दिवशी मटणाचा तुकडा मागितला. तो परत आला आणि तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू. हे सगळं मी तारीखवार लिहिलंय, अक्षर सुरेख आहे. नुसतं वाचायचं राहिलं होतं.

आज सकाळी मी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला पत्र टाकलं. ॲनिस टॉरडॉफ हिच्या मृत्यूचं माझं सर्टिफिकेट चुकीचं आहे, तिची कबर उघडावी, वही सोबत पाठवत आहे, साक्षीला मी येईन, असं लिहिलं. लुइझानं वाचलं आणि म्हणाली, आपण आता इथे राहू शकणार नाही. मी म्हणालो, बहुधा नाही. ती पडदे मोजायला गेली.

अजून एक आहे. वहीत नाही. तो यॉर्कला होता तेव्हा ॲनिस मला म्हणाली, डॉक्टर, गंमत बघा, हे घरी नसले की मला भूक लागते. मी हसलो. म्हणालो, सगळ्याच बायकांचं असं असतं. आणि तो परत आल्यावर गुरुवारी, पट मांडताना, हा विनोद मी त्याला सांगितला. तोही हसला. त्यानं माझा उंट मारला आणि मला दुसरा पेला भरून दिला. दहा दिवसांनी ती गेली.

तू हुशार आहेस असं म्हणून मी मोकळा होणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की मी वीस वर्षं तिथे डॉक्टर होतो, तू नुसती शेजारीण होतीस, आणि दिसलं ते तुला.

बाटली हे पत्र मिळताच दे.

तुझा,
ॲम्ब्रोज

*

स्केलथॉर्प
२७ जुलै १९०३

चि. ॲम्ब्रोज यास,
अ. उ. आ.

खटला संपून आठ दिवस झाले, तू कोर्टाच्या दारातून माझ्याशी न बोलता स्टेशनवर गेलास. मी छत्री हलवत होते. तुला दिसली होती.

टॉरडॉफला फाशीची शिक्षा सांगताना न्यायाधीशांनी काळी टोपी घातली, तेव्हा आपल्या पाद्रीबाई बेशुद्ध पडल्या. आता त्या सगळ्यांना सांगतात, मला पहिल्यापासून संशय होता. सार्जंट बिन्सला बढती मिळाली. वर्तमानपत्रात छापून आलंय की त्यानं चिकाटीनं धागेदोरे जुळवले. माझं नाव थेर्सा असं छापलंय, आणि वय साठ. बिन्स येऊन म्हणाला, बाईसाहेब, तुमची मदत झाली. मी त्याला आईचे गुडघे विचारले.

टॉरडॉफच्या वकिलानं तुला विचारलं की आतड्यांची सूज म्हणून तुम्ही आणखी किती माणसं पुरली. तू म्हणालास, मला माहीत नाही.  मग तू ती भुकेची गोष्ट सांगितलीस. ती कुणी विचारली नव्हती, तुझ्या वकिलानं तुझा कोट ओढलेला मी वरच्या गॅलरीतून पाहिला. टॉरडॉफ त्या एका क्षणी मान खाली घालून बसला, एरवी दोन दिवस तो पंचांकडे वर्गातल्या मुलांकडे बघावं तसा बघत होता. मला वाटतं, पंचांनी निकाल तेव्हाच लावला. मी तुला खूप बोलले आहे, त्यातलं काही परत घेत नाही. पण तेवढं उठून बोलायला माझ्याच्यानं झालं नसतं.

मर्सी सुटली ते तुला ठाऊकच आहे. गावानं तिचं फार प्रेमानं स्वागत केलं, लांबून. सगळे म्हणतात, बिचारी निर्दोष आहे हो. मात्र कामाला कुणी ठेवत नाही. पाद्रीबाई म्हणाल्या, आमचा तिच्यावर काही संशय नाही, पण यांचं पोट नाजूक आहे. मी तिला माझ्याकडे आणलंय. मिशनच्या चहाला तिनं केलेले गोड पाव नेले. लोकांनी बाकी सगळी ताटं पुसून घेतली, ते पाव जसेच्या तसे राहिले. मी सात खाल्ले. सात खाऊन झाल्यावर माझी तब्येत बिघडली, आणि त्यानं मर्सीची बाजू काही भक्कम झाली नाही.

सव्वीस सप्टेंबरला सुगीचा चहा आहे, शाळेच्या हॉलमध्ये. तू ये. गावाला तोंड दाखवायला लाज वाटत असेल तर ती घेऊनच ये.

आशीर्वाद पूर्ण पाठवते आहे, मागचे राखून ठेवलेलेही यातच धर.

तुझी ताई,
थर्झा

*

लीड्स
२९ सप्टेंबर १९०३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. आमच्या नव्या घराच्या खिडक्या इतक्या लहान आहेत की लुइझानं एका पडद्याचे चार केले. ती माझ्याशी बोलते आहे, मुख्यतः कोळशाच्या धुराबद्दल. इथे गिरणी कामगारांना खरोखरचे आजार असतात, त्यामुळे पहिले काही दिवस मी गोंधळलो होतो. आता मी प्रत्येकाला विचारतो की तुला बरं कधी वाटतं, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतो. रांग फार मोठी होते.

शनिवारच्या चहाबद्दल तू काही बोलली नाहीस, मीही स्टेशनवर बोललो नाही. लिहून टाकतो.

मी हॉलमध्ये शिरलो. पाद्रीबुवांनी हात पुढे केला आणि पटकन हवेबद्दल बोलले. मर्सी टेबलाच्या टोकाला उभी होती, हात एप्रनमध्ये. तिच्यापुढे पावांचं ताट, आणि त्या ताटासमोर बाकांवर जागाच जागा. मी गाडीत बसून तिला काय म्हणायचं ते पाठ केलं होतं. मी वही दोन आठवडे खणात ठेवली म्हणून मर्सी तुरुंगाच्या वाटेला लागली, हे वाक्य मी स्वतःला दहा वेळा ऐकवलं होतं. तिथे गेल्यावर ते सगळं सोडून मी त्या ताटासमोर बसलो.

एक पाव घेतला. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता. वीस वर्षं मी या लोकांच्या जिभा पाहिल्या, त्यांनी माझा घास पाहिला. खोटं सांगत नाही, ताई, पहिला घास घशाखाली जाताना माझ्याही मनात क्षणभर आलं. मला ते आल्याची इतकी शरम वाटली की मी दुसरा पाव उचलला. मग डॉक्टर लम येऊन माझ्या शेजारी बसला आणि त्यानं ताट आपल्याकडे ओढलं. त्याच्यामागून नवीन मास्तरांची बायको आली, मग बिन्सची आई, गुडघे धरत. पाद्रीबाई आल्या नाहीत.

मर्सी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. तिनं विचारलं, डॉक्टरसाहेब, लोणी आणखी हवं का. मी हो म्हणालो. तिनं ते स्वतः लावून दिलं, अगदी कडेपर्यंत.

तिला माझा नमस्कार सांग. माफीचं पत्र मी तिला वेगळं लिहिलं आहे, तिला वाचता येत नाही म्हणून तू वाचून दाखव, आणि दाखवताना त्यात आपल्या सूचना घालू नकोस.

तुझ्या लोभाचा हक्कदार नाही, तरी धरून आहे.

तुझा,
ॲम्ब्रोज